गिटारची मान आणि नाशिकची हवा

नाशिकरोडहून पूर्वेकडे निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसू लागतात. तिथेच, गोदावरीच्या अंगाला एकलहरे हे गाव आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला धो धो कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. तरीही पावसाळ्याचे तीन-चार महिने हवा ओलीच राहते. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली उतरते, धुणं तासाभरात कडकडीत वाळतं. ऑगस्टमध्ये हाच आकडा ऐंशीच्या पुढे असतो आणि तेच कपडे दोन-दोन दिवस दोरीवर दमट लोंबकळतात. या दोन टोकांची माणसाला सवय होते. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या गिटारला मात्र ती होत नाही.

या भागात हौसेने घेतलेल्या अनेक अकूस्टिक गिटारी दोन-तीन वर्षांत वाजवायला जड होतात. तारा पट्टीपासून इतक्या उचलल्या जातात की बोटं दुखू लागतात. शिकणाऱ्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, घरच्यांना वाटतं वाद्य हलक्या प्रतीचं निघालं. बहुतेक वेळा दोन्ही समज चुकीचे असतात. वाद्य हवेमुळे वाकलेलं असतं, आणि त्या हवेकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं. गिटार जपायची म्हणजे तिच्या भोवतीची हवा जपायची, आणि ते करायला वाटतं तितकं अवघड नाही.

लाकूड आणि पाणी

झाड तोडून, फळ्या पाडून, वाळवून झाल्यावरही लाकडाची हवेशी देवाणघेवाण सुरूच राहते. हवा दमट असली की लाकडाच्या पेशींच्या भिंती वाफ शोषून घेतात, कोरडी झाली की ती परत सोडतात. आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी राहतं. 30 टक्क्यांच्या हवेत ते 6 टक्क्यांपर्यंत उतरतं, 80 टक्क्यांच्या हवेत 16 टक्क्यांपर्यंत चढतं. पॉलिशमुळे हा वेग मंदावतो, थांबत नाही. शिवाय पॉलिश फक्त बाहेरून असतं. गिटारच्या गोल भोकातून एक छोटा आरसा आत धरला आणि टॉर्च मारला, तर आतलं लाकूड उघडं दिसतं. पाणी शिरतं आणि निघतं ते मुख्यतः तिथूनच.

फुगताना लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. लाकडाच्या रेषांच्या लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही, रेषांच्या आडव्या दिशेला तो चांगलाच पडतो. पावसाळ्यात दाराचं फळकूट रुंदीत फुगून चौकटीत अडकतं, पण दार उंचीने वाढत नाही, ते याच कारणाने.

आता हा हिशेब गिटारला लावू. वरची फळी, जिला वादक टॉप म्हणतात, ती चांगल्या गिटारीत बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते. जाडी तीन मिलिमीटरच्या आत, रुंदी सर्वांत फुगीर जागी सुमारे 40 सेंटिमीटर. लाकडातलं पाणी एका टक्क्याने बदललं की अशी फळी रुंदीत साधारण 0.14 टक्के बदलते. एप्रिल-मे आणि ऑगस्ट यांच्यात लाकडातल्या पाण्याचा फरक नऊ टक्क्यांच्या घरात जातो. फळी मोकळी असती, तर तिची रुंदी जवळपास पाच मिलिमीटरने बदलली असती.

पण ती मोकळी नसते. कडेने ती चिकटवलेली असते आणि खालून तिला लाकडी काड्यांचा आधार दिलेला असतो. त्या काड्यांच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या जातात, त्यामुळे काड्या लांबीत वाढत नाहीत. फळी पसरू पाहते, काड्या पसरू देत नाहीत. मग फळीला एकच वाट उरते, वर फुगण्याची. उन्हाळ्यात हेच उलट होतं. फळी आकसू पाहते, कडा सोडत नाहीत, फळी आत बसते आणि ताण असह्य झाला की रेषेच्या कडेने तडा जातो. पावसाळ्यात पोट फुगतं, उन्हाळ्यात भेग पडते. कारण मात्र एकच.

प्लायच्या गिटारीत हा त्रास कमी होतो, कारण तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. आपली गिटार कोणत्या जातीची आहे हे भोकाच्या कडेवर कळतं. वरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीत सरळ खाली उतरलेल्या दिसल्या, तर टॉप अखंड लाकडाचा आहे. आडवे थर दिसले तर प्लाय. अखंड टॉपचा आवाज चांगला, पण त्याची काळजीही जास्त घ्यावी लागते.

तारांची ओढ

हवा हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं तारांचं. स्टीलच्या सहा तारांचा 12 नंबरचा नेहमीचा संच सुरात लावला की सगळ्या तारा मिळून गिटारला सत्तर किलोंहून जास्त जोराने ओढतात. ही ओढ रात्रंदिवस चालू असते, आपण वाजवत असू किंवा नसू. एका टोकाला ती मानेला पुढे खेचते, दुसऱ्या टोकाला ब्रिज, म्हणजे टॉपवर चिकटवलेली तारांची घोडी, उपटू पाहते.

जुन्या गिटारींना आतड्याच्या तारा असत आणि त्यांची ओढ बरीच कमी असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्टीलच्या तारांचा प्रसार झाला आणि माना वाकू लागल्या. त्यावर अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी मानेच्या आत बसवण्याची पोलादी सळई शोधली. 1923 साली तिचं पेटंट मिळालं. तीच आजची ट्रस रॉड. चावीने ती आवळली की मान तारांच्या उलट दिशेला मागे ओढली जाते. गिटारच्या डोक्याकडच्या छोट्या झाकणाखाली किंवा भोकाच्या आत हाताला लागते ती याच सळईची नट.

हवा आणि ओढ एकत्र आल्या की काय होतं, ते लाकडाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. भाराखाली असलेलं लाकूड हळूहळू वाकतंच. पण भार तोच ठेवून त्याला आलटून पालटून ओलं-कोरडं केलं, तर ते कितीतरी जास्त वाकतं, आणि त्यातला काही भाग कायमचा राहतो. एकलहऱ्यात हे आलटून पालटून आपसूकच होतं. दर वर्षी एक ओला आणि एक कोरडा फेरा, तोही सत्तर किलोंच्या ओढीखाली. म्हणून मान एका पावसाळ्यात वाकत नाही. दर वर्षी थोडी वाकते आणि परत येताना पूर्ण परत येत नाही.

मिरजेकडून शिकण्यासारखं

महाराष्ट्राला तारवाद्यांच्या लाकडाची जाण नवी नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारमेकर यांनी वाद्यं घडवायला सुरुवात केली आणि तिथे तंबोरे-सतारींची मोठी परंपरा उभी राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दांडी आणि तबलीसाठी तुणीचं लाकूड, तुंब्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा. भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात, लाकूड मुरू देतात, आणि मगच कामाला घेतात. घाईने केलेलं वाद्य पुढे बोलत नाही, हे तिथल्या कारागिराला पिढीजात ठाऊक असतं.

तंबोरा अनेकदा ज्याने घडवला किंवा ज्याला तो ओळखीचा आहे, त्याच कारागिराकडे जवारीसाठी, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज लावून घेण्यासाठी, परत जातो. त्यामुळे त्याची तब्येत अधूनमधून जाणत्या डोळ्यांखालून जाते. गिटारचं तसं होत नाही. ती कारखान्यातून येते, आणि बहुतेक नामांकित कारखान्यांत हवा मुद्दाम 45 ते 55 टक्के आर्द्रतेवर बांधून ठेवलेली असते. त्याच हवेत सगळे सांधे जुळवलेले असतात. एकलहऱ्यात ही हवा वर्षातून मोजकेच आठवडे आपोआप मिळते. बाकीच्या दिवसांत ती आपल्याला पुरवावी लागते.

आधी मोजा

द्राक्षांच्या या जिल्ह्यात आर्द्रता मोजणं ही काही नवलाची गोष्ट नाही. भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांच्या धास्तीने बागायतदार हवेवर नजर ठेवूनच असतो. गिटारसाठीही पहिली खरेदी हीच असावी, काही शे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर. तो खरं सांगतो की नाही हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवा आणि डबा रात्रभर उघडू नका. अशा मिठावरच्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटर 70 दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मग गिटार पाहा. तार हीच सरळ पट्टी समजून मान तपासता येते. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या काडीवर, एका हाताने दाबा, दुसऱ्या हाताने जिथे मान पोटाला मिळते तिथे, म्हणजे चौदाव्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तार किती उंच आहे ते पाहा. साध्या वहीच्या कागदाएवढी, फार तर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. फट त्याहून मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. तार फ्रेटला चिकटूनच असेल तर मान सपाट आहे किंवा मागे गेली आहे.

मग तार सोडून बाराव्या फ्रेटवरची उंची मोजा. जाड तारेला सुमारे अडीच मिलिमीटर, बारीक तारेला दोनच्या आत असेल तर गिटार वाजवायला सुखाची असते. या दोन मोजमापांवरून बिघाड कुठे आहे ते कळतं. मानेची फट बरोबर, पण बाराव्या फ्रेटवर तार चार मिलिमीटर उंच, असं दिसलं तर दोष मानेच्या बाकात नसून फुगलेल्या पोटात किंवा मानेच्या सांध्याच्या कोनात आहे. ब्रिजच्या मागे टॉपवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली की फुगवटा दिसतो. थोडा फुगवटा मुळातच ठेवलेला असतो, त्याला घाबरू नये. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. तो आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. तारा सैल करा आणि कारागीर गाठा.

कोरडेपणाच्या खुणा निराळ्या असतात. मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात, कारण पट्टी आकसते, धातू आकसत नाही. टॉप आत बसतो, तारा खाली येतात आणि वाजवताना झणझण येते.

एकलहऱ्याचं वर्ष

मार्च ते मे हा भेगांचा काळ. या दिवसांत गिटार उघड्यावर ठेवू नये, कडक पेटीत ठेवावी. पेटीत ओलावा देणारं काहीतरी हवं. बाजारात दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं मिळतात, ती गरजेप्रमाणे ओलावा देतात आणि शोषतातही. साधा उपाय हवा असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंजचा तुकडा ठेवावा. थेंब गळता कामा नये, आणि डबी लाकडाला न टेकता डोक्याकडच्या मोकळ्या जागेत असावी. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी तपासावा. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नये, एका बाजूला ओली हवा आणि दुसऱ्या बाजूला कोरडी असा भेद लाकडाला पिळतो. एसीची खोली तर आणखी कोरडी होते.

जून हा दोन ऋतूंच्या सांध्याचा महिना. पहिल्या सरींनंतर दोन-तीन आठवड्यांत आर्द्रता दुपटीहून वर जाते. स्पंज आता काढून टाकायचा. जुलै ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी भरले हे कळतं. निळ्या दाण्यांच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून लहान मुलांच्या घरात नारिंगी जातीचे बरे. भरलेले दाणे ओव्हनमध्ये सुमारे 110 ते 120 अंशांवर तासा-दोन तासांत पुन्हा कामाचे होतात. सिलिका मोजूनमापून शोषत नाही, म्हणून मीटर पेटीतच ठेवावा आणि आकडा 45 च्या खाली गेला की काही पुड्या काढाव्यात.

पावसाळ्यात भिंतीवर टांगलेल्या गिटारला विशेष धोका असतो. नैऋत्येकडून येणारा पाऊस घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर बसतो, त्या आतून गार आणि ओलसर राहतात. हौसेने गिटार टांगायचीच असेल तर आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर टांगावी.

ऑक्टोबरच्या उन्हात हवा झपाट्याने कोरडी होते. पावसाळाभर पाणी प्यायलेलं लाकूड थोड्या दिवसांत ते सोडू लागतं. फुगलेल्या टॉपला या घाईत भेग पडू शकते, म्हणून हे आठवडे मे महिन्याइतकेच जपावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी निफाडचा पारा बातम्यांत येतो तेव्हा एकलहऱ्यातही रात्री चांगल्याच गार असतात. थंडीने गिटारला फारसं बिघडत नाही, पण सकाळचं दव आणि दुपारची कोरड यांपासून पेटी तिला वाचवते. वर्षातून दोनदा, तारा बदलताना, फ्रेटच्या पट्टीवर गिटारसाठी मिळणाऱ्या तेलाचा हलका हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये, ते चिकट होतं आणि खवट होतं.

पेटी, माळा आणि प्रवास

मराठी घरात न लागणारी वस्तू माळ्यावर जाते. गिटारसाठी घरात याहून वाईट जागा नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात माळा थेट तापलेल्या स्लॅबखाली येतो, उन्हाळ्यात तिथे हात टेकवत नाही आणि पावसाळ्यात स्लॅब झिरपतो. गिटार पलंगाखाली, आतल्या भिंतीच्या बाजूला, जमिनीपासून थोडी उचलून ठेवलेली बरी. कापडी पिशवी धक्क्यापासून वाचवते, हवेपासून नाही.

उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवू नये. बंद गाडीत तापमान साठ-सत्तर अंशांवर जाऊ शकतं, आणि वाद्यात वापरलेला डिंक साधारण त्याच सुमारास मऊ पडू लागतो. वर सत्तर किलोंची ओढ असतेच, मग ब्रिज सुटायला वेळ लागत नाही.

मेमध्ये पंचवटी एक्स्प्रेसने गिटार घेऊन मुंबईला निघालेला विद्यार्थी कसारा घाट उतरून काही तासांत कोरड्या हवेतून समुद्राच्या दमट हवेत जातो. अशा वेळी पेटी लगेच उघडू नये, दोन-तीन तास बंद ठेवावी. लांबच्या प्रवासात किंवा महिनाभर वाजवायची नसेल तर तारा एक-दोन अर्धस्वर खाली उतरवाव्यात. रोज वाजवणाऱ्याने रोज तारा सैल करण्याची गरज नाही. तारा पूर्ण काढून गिटार महिनोन्‌महिने ठेवणं तर चुकीचंच, कारण समोरून ओढ नाही आणि आतून सळई आवळलेली, मग मान उलट्या बाजूला जाते.

सळईला हात कधी लावायचा

जुलैमध्ये तारा उचलल्या की अनेकांचा हात आधी ट्रस रॉडकडे जातो. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. पावसाळ्यात तारा वर येतात त्या बहुधा पोट फुगल्यामुळे. मान कधी तशीच असते, तर कधी ओलाव्याने फ्रेटची पट्टी फुगून मान मागेच गेलेली असते. अशा मानेची सळई आवळली तर नोव्हेंबरात पोट बसतं, तारा खाली येतात आणि मागे गेलेल्या मानेवर झणझणू लागतात. मग उलटी दुरुस्ती, आणि हे चक्र दर वर्षी चालतं.

म्हणून क्रम ठरवावा. आधी मीटर पाहा. हवा चाळीस ते साठच्या बाहेर असेल तर गिटार पेटीत घालून दोन आठवडे तिची हवा 50 च्या आसपास ठेवा आणि मग पुन्हा मोजा. बऱ्याच गिटारी एवढ्यावरच मूळ पदावर येतात. त्यानंतरही सातव्या फ्रेटवरची फट मोठी राहिली, तरच सळई. जाड तारा थोड्या सैल करा, योग्य मापाची ॲलन चावी नीट बसवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जास्तीत जास्त पाव फेरा द्या. तारा पुन्हा सुरात लावा, रात्र जाऊ द्या, मग मोजा. नट अडखळली तर जोर करू नका. तुटलेली सळई बदलायची म्हणजे पट्टी उखडावी लागते.

पिळा बसलेली मान, म्हणजे एका कडेने वर आणि दुसऱ्या कडेने खाली गेलेली, सळईने सरळ होत नाही. भेगही घरच्या डिंकाने भरू नये. कारागीर आधी लाकडाला हळूहळू ओलावा देतो, भेग आपली आपण मिटू देतो आणि मगच चिकटवतो. मेच्या कोरड्या दिवसांत भरलेली भेग पावसाळ्यात शेजारचं लाकूड फोडते.

एवढी काळजी एका वाद्यासाठी कशाला, असं कोणी विचारेल. जगभरच्या गिटारींच्या पाठीला आणि पट्टीला जे शिसव वापरतात, त्यातलं बरंचसं भारतातलं असतं. शिसवाच्या वंशातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून साइट्स या धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचं नियंत्रण आहे. तयार वाद्यांना पुढे सवलत मिळाली, पण मूळ काळजी कायम आहे, अशी झाडं वाढायला अनेक दशकं घेतात आणि ती कमी होत आहेत. टॉपचं स्प्रूसही जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाचं असेल तरच चांगलं बोलतं. अशी गिटार नीट ठेवली तर एका माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकते, आणि वय वाढेल तसा तिचा आवाज अधिक मोकळा होतो, असं वादक सांगतात. त्यासाठी लागतो एक छोटा मीटर, एक कडक पेटी, आणि जून व ऑक्टोबरमध्ये आठवणीने ती पेटी उघडून आकडा पाहण्याची सवय. आज बोटं दुखतात म्हणून गिटार सोडायच्या बेतात असलेल्या मुलाच्या हातात हे वाद्य पुन्हा द्यायचं असेल, तर त्याला आणखी रियाज करायला सांगण्याआधी बाराव्या फ्रेटवरची तार मोजून पाहावी.